दीड बोटाचें सैन्य

दिवाळी आठ दिवसांवर आली कीं आमच्या घरीं मातीचा प्रश्न उभा राहतो. कोंकणांतील मंडळींस तो पडत नसेल. पण आमच्या नशिराबादेकडची माती काळी. ओली असतांना लोण्यासारखी, आणि वाळली कीं तिला अशा भेगा पडतात कीं मुलांनीं रात्रीं बांधलेला बुरूज सकाळीं तोफेच्या माऱ्यांत सांपडल्यासारखा दिसतो. यावर आमच्या घरचा तोडगा असा : जुन्या धाब्यावरून काढलेली पांढरी माती निम्मी घ्यावी, तींत थोडा भुसा मिसळावा, आणि विटांच्या रचनेवर आधीं भिजविलेलें गोणपाट घालून मग लिंपण करावें. अळीव वसुबारसेच्या दोन दिवस आधीं पेरावे, म्हणजे लक्ष्मीपूजनास गडाचा उतार हिरवा होतो.

ही सर्व विद्या आतां माझ्या नऊ वर्षांच्या नातीच्या हातीं आहे. गतवर्षीं तिनें जळगांवच्या बाजारांतून डझनभर मावळे आणविले. प्लास्टरच्या त्या वीरांस पाहून मला हंसूं आवरेना. एकाची मिशी गालावर गेलेली, दुसऱ्याची ढाल पाठीशीं एकजीव झालेली, आणि उंची म्हणाल तर प्रत्येकजण गडाच्या महादरवाजाहून मोठा. "आजोबा, हे आंत जाणार कसे?" असें तिनें विचारलें. प्रश्न रास्त होता. उत्तर मजपाशीं नव्हतें. तें धनत्रयोदशीच्या दिवशीं पुण्याहून आलें.

माझा पुतण्या पुण्यास नोकरीस असतो. मिठाईच्या डब्याऐवजीं तो या खेपेस एक लांकडी पेटी घेऊन आला. पेटींत कापसाच्या थरांत सैन्य निजविलेलें होतें. पायदळ, घोडदळ, तोफा, तोफांचे बैल. आणि प्रत्येक माणूस टांचेपासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें दीड बोट. लग्नाच्या वयाचा मुलगा बाहुल्या रंगवीत बसतो, हें ऐकून त्याच्या मातोश्रींनीं कपाळास हात लावला. खर्चाचा आंकडा मीं येथें मुद्दाम देत नाहीं. हें मासिक त्याहि वाचतात.

रंगविण्याची रीत त्यानें मला ओसरीवर बसून दाखविली. प्रथम सर्वांगास काळ्या रंगाचें अस्तर. मग अंगरखा, पट्टा, पगडी असे मोठे भाग. त्यांवर पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडावयाचा. तो आपण होऊन वस्त्राच्या चुण्यांत जाऊन बसतो व तेथें सावली उमटते. तो वाळल्यावर कोरड्या कुंचल्यास नांवापुरता फिकट रंग घेऊन उंचवट्यांवरून हलका हात फिरवावयाचा. त्याच्या हातीं डोळे सर्वांत शेवटीं. मला गणपतीच्या कारखान्याची आठवण झाली. तेथेंहि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कसलेल्या हाताकडेच असते. एका शिपायास दोन तास लागतात, आणि नोकरी सांभाळून आठवड्यास तीन होतात. पेटींत २०० होते. गुणाकार वाचकांनींच करावा. पूर्वीं असे शिपाई शिशाचे ओतीत. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें ते आंतून पोकळ ओतण्याची युक्ति काढली आणि ते सामान्य घरांतील मुलांस परवडूं लागले. आतांचे कथिलाच्या मिश्रणाचे, प्लास्टिकचे अगर रेझिनचे असतात. कोणाच्या माळ्यावर जुने शिशाचे शिपाई निघालेच तर ते लहान मुलांच्या हातीं, निदान तोंडीं, जाऊं देऊं नयेत.

तो रंगवीत असतां माझें लक्ष मात्र कुंचल्यावर नव्हतें. पस्तीस वर्षांपूर्वीं मी नववीच्या वर्गास धातूंचीं रूपें सांगत होतों. मागच्या बांकावरील एक मुलगा मान खालीं घालून कांहीं करीत होता. मीं जाऊन त्याची कंपासपेटी उघडली. तींत खडूचे अकरा शिपाई होते, कर्कटकाच्या टोकानें कोरलेले. एक तर घोड्यावर बसलेला, आणि त्याच्या हातांतील लगाम दिसत होती. शाळेचा खडू चोरला, हा माझा मुद्दा होता, आणि तो खोटाहि नव्हता. मीं ते अकराहि शिपाई मेजावर घेऊन डस्टरनें चिरडले. मुलगा रडला नाहीं. त्यानें भुकटी हातानें गोळा केली आणि ती कोठें टाकूं, असें मला विचारलें. पुढें तो एस. एस. सी. झाला व गांव सोडून गेला. खडूच्या कांडीवर लगाम कोरणें म्हणजे काय काम आहे हें पुतण्याचा कुंचला पाहीपर्यंत माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

असो. रंगविणें हा या छंदाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे लढाई. कित्येकांस हें पाश्चात्त्य खूळ वाटेल, पण त्याचें मूळ आपल्याच घरचें आहे. हत्ती, रथ, घोडे व पायदळ हीं सेनेचीं चार अंगें. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पांच पदाति मिळून एक 'पत्ति' होते, हें अमरकोश पाठ केलेल्यांस सांगावयास नकोच. या चतुरंगाचा अष्टापद पटावरील उल्लेख सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत केला आहे. तेंच बुद्धिबळ इराण, अरबस्तान करीत युरोपांत गेलें. १७८० सालीं ब्रन्सविक येथील हेल्विग नांवाच्या पंडितानें पट पुष्कळ मोठा करून त्यांत डोंगर, नद्या व गांवें यांचीं घरें घातलीं. प्रशियांत राइस्विट्झ पितापुत्रांनीं चौकटी टाकून देऊन नकाशा घेतला. १८२४ सालीं पुत्रानें नियम छापले आणि प्रशियाच्या सैन्यानें तो खेळ आपल्या अधिकाऱ्यांस शिकविला. त्यांत एक पंच असतो. शत्रु कोठें आहे हें पंचास ठाऊक, खेळणारास नाहीं. बुद्धिबळांत सर्व कांहीं डोळ्यांपुढें असतें, युद्धांत नसतें. मला तर या सबंध प्रकारांत हीच गोष्ट मोलाची वाटते. इंग्रज कादंबरीकार वेल्स यानें १९१३ सालीं घरच्या जमिनीवर, कमानीच्या खेळण्यांतल्या तोफांनीं लढावयाच्या लहान लढायांवर एक पुस्तक लिहिलें, आणि मोठ्या युद्धापेक्षां हें किती बरें, असें त्यांत सुचविलें. पुढच्याच वर्षीं मोठें युद्ध सुरू झालें.

पाडव्याच्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या माजघरांत हिरवी चादर अंथरली गेली. तिच्यावर दोन निळ्या फिती : एक कैलना, एक जुई. अजिंठ्याचा घाट चढून पलीकडे गेलें कीं जालना जिल्ह्यांत या दोन नद्यांच्या दुव्यांत असई हें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशीं वेलस्लीची गांठ पडली. शिंद्यांचें कवायती पायदळ सुमारें १०,८०० आणि त्याचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा. वेलस्लीपाशीं कंपनीची व राजाची मिळून साडेचार हजारांच्या आसपास माणसें, शिवाय पांच हजार म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार. शंभर माणसांस एक बाहुली, या हिशेबानें शिंद्यांकडे १०८ शिपाई मांडले गेले. शिंद्यांची बाजू अर्थातच मीं घेतली.

पहिल्याच डावांत मीं चार पलटणी कैलनेच्या उतारावर नेऊन बसविल्या. पुतण्यानें त्या उचलून परत ठेवल्या. "अण्णाकाका, तिथें उतार आहे आणि इंग्रज तिथूनच येणार आहे, हें तुम्हांला कसें कळलें?" मीं म्हटलें, "इतिहासांत आहे." तो म्हणाला, "पोलमननें इतिहास वाचला नव्हता."

गोष्ट खरी होती. वाटाड्यांनीं वेलस्लीस पुढें उतार नाहीं म्हणून सांगितलें होतें. पण नदीच्या दोहों कांठांस समोरासमोर दोन खेडीं त्यास दिसलीं, आणि शेजारच्या खेड्यांतील माणसें एकमेकांकडे जात असतीलच, तेव्हां उतार असलाच पाहिजे, असें अनुमान करून त्यानें सैन्य पाण्यांत घातलें. पोलमननेंहि हार खाल्ली नाहीं. दक्षिणेस तोंड करून उभी असलेली आपली सारी रांग त्यानें काटकोनांत वळवून पूर्वेस तोंड केलें; उजवी बाजू कैलनेवर, डावी असईवर. मोठ्या पायदळास शत्रूसमोर असें वळविणें म्हणजे कवायतीची कसोटी. हे लोक तें इतक्या सफाईनें करतील, अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. शिंद्यांच्या तोफांनीं इंग्रजांच्या तोफांचे बैल मारले, म्हणून त्याला तोफा मागें टाकून पुढें जावें लागलें. त्याची ७४ वी पलटण वाट चुकून असईच्या माऱ्यांत शिरली आणि तिचे बहुतेक लोक पडले. गोलंदाज मेल्याचें सोंग करून तोफांखालीं पडून राहिले, आणि इंग्रजांची रांग पुढें जातांच उठून त्यांनीं तिच्या पाठींत गोळे घातले. दिवसाअखेर इंग्रजांकडील ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. वाटर्लू जिंकलेल्या याच माणसास उतारवयांत कोणी त्याची सर्वांत चांगली लढाई विचारली, तेव्हां त्यानें असईचें नांव घेतलें.

इतिहासाचा तासहि मीं कांहीं वर्षें घेतला आहे. त्या तासांत असईस एक वाक्य येई : असई येथें मराठ्यांचा पराभव झाला. मुलें तें लिहून घेत आणि मी पुढें आडगांवाकडे वळें.

दोन डाव मी हरलों. तिसऱ्यांत फाशांनीं साथ दिली. जें घोडदळ त्या दिवशीं जवळजवळ स्वस्थ राहिलें, तें मीं वेळेवर पुढें काढलें आणि इंग्रजांची डावी बाजू मोडली. मला आनंद झाला हें कबूल करतों. तेव्हां चादरीच्या कडेस बसलेली नात म्हणाली, "आजोबा, आपले कोणते?"

मीं शिंद्यांची रांग दाखविली.

"मग हे?" तिचें बोट कैलनेच्या दक्षिण कांठावर होतें. तेथें पुतण्यानें पेशव्यांचे स्वार मांडले होते, भगव्या निशाणांसह, इंग्रजांच्या पाठीशीं. वसईचा तह १८०२ च्या ३१ डिसेंबरास झाला, त्यामुळें ते त्या बाजूस होते, असें मीं तिला सांगितलें. शिंद्यांच्या कंपूंत हिंदुस्थानी लोक पुष्कळ होते आणि वेलस्लीच्या रांगेंतील बहुतेक शिपाई मद्रासकडचे होते, हेंहि सांगितलें. तिनें सर्व ऐकून घेतलें. मग दोन स्वार उचलून निळ्या फितीच्या अलीकडे, माझ्या बाजूस, आणून ठेवले.

"असें नियमांत बसत नाहीं," पुतण्या म्हणाला.

"मग मी किल्ल्यावर नेतें," असें म्हणून ती त्यांना घेऊन अंगणांत गेली. महादरवाजांतून दोघेहि घोड्यासकट आंत गेले.

भाऊबीजेनंतर पुतण्या निघाला तेव्हां त्यानें पेटीची मोजदाद केली आणि कांहीं बोलला नाहीं. किल्ला पावसाळ्यापूर्वींच ढांसळला. ते दोन स्वार सध्यां माझ्या लिहिण्याच्या मेजावर उभे आहेत. यंदाच्या पांढऱ्या मातीस मीं सांगून ठेवलें आहे. आणि नातीनें कालच खडूची एक कांडी मागून नेली.