नम्रता आणि हिशेब

ख्रिस्ती जीवनातील नम्रतेविषयी दोन मते प्रचलित असून, ती परस्परविरोधी भासत असली तरी त्यांचे मूळ एकाच गैरसमजात आहे. पहिले मत बाहेरच्या टीकाकारांचे. त्यांच्या मते नम्रता ही दुबळ्याला वाकून राहण्याची शिकवण असून, ज्या बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जातात, तेथे ती मुकादमाच्याच, म्हणजे उचल देऊन मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्याच, पथ्यावर पडते. दुसरे मत मंडळीतल्याच काहींचे. नम्रता हा अंतःकरणाचा गुण आणि हिशेब हा व्यवहाराचा विषय, म्हणून धर्मगुरूला किंवा पंचाला जमाखर्च विचारणे हा उद्धटपणा, असे ते मानतात.

पहिला आक्षेप वजनदार आहे. गरिबाला नम्रतेचा उपदेश करून त्याची तक्रार दाबण्याचे प्रकार धर्माच्या नावाने घडले आहेत. परंतु हा दोष शिकवणीची दिशा उलटवल्याचा आहे. योहानकृत शुभवर्तमानात पाय धुतो तो गुरू, शिष्य नव्हे. लूकच्या बाराव्या अध्यायात कारभारी, म्हणजे मालकाच्या घरचा शिधा चाकरांना वेळेवर वाटण्यासाठी नेमलेला माणूस, मालकाला उशीर होतो असे पाहून चाकरांना मारू लागतो, आणि कठोर शिक्षा त्यालाच होते. या निकषावर उचल वाटणारा मुकादम आणि ती घेणारा कोयता, म्हणजे ऊसतोड करणारे जोडपे, यांपैकी नम्र होण्याचे पहिले ओझे मुकादमावर पडते, कारण दुसऱ्याचे धन त्याच्या हातून जाते. फेडीचा आकडा विचारणारा मजूर त्यामुळे उद्दाम ठरत नाही.

नम्रता म्हणजे काहीच न करणे, ही समजूतही मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील तालंतांच्या दाखल्यापुढे टिकत नाही. तालंत हे त्या काळचे मोठे चलनमान असून त्याचे मोल मजुराच्या सुमारे २० वर्षांच्या मजुरीइतके मानले जाते. भीतीपोटी ते पुरून ठेवणारा चाकर रक्कम जशीच्या तशी परत करतो, तरीही दोषी ठरतो. याउलट, पाच आणि दोन तालंत मिळालेल्यांना सारखीच शाबासकी मिळते. म्हणजे मोजली जाते ती निष्ठा, मिळकतीचा आकार नव्हे.

दुसऱ्या मताचे खंडन खुद्द पौलाच्या वर्तनाने होते. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना कोणी दोष ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी नेमलेले सोबती घेतले, आणि देवासमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख हवा, असे करिंथकरांस कळवले. बीड जिल्हा ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो, तेथील कॅथलिक मंडळीला लागू असलेली १९८३ ची धर्मविधिसंहिताही हेच सांगते. तिचे ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असा नियम घालते, आणि १२८७ वे कलम भाविकांनी अर्पण केलेल्या द्रव्याचा हिशेब भाविकांना देण्यास सांगते.

महाराष्ट्रातील उदाहरण ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेतील मित्रांनी दिलेल्या दहा वर्षांच्या मदतीच्या वचनाची मुदत संपली, तेव्हा १८९८ मध्ये त्या स्वतः तेथे जाऊन देणगीदारांसमोर उभ्या राहिल्या. त्याआधी १८९३ मध्ये, विद्यार्थिनी रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून सदनाच्या धार्मिक तटस्थतेवर वाद उठला आणि पुण्याच्या सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. त्या वादात कोणाचा पक्ष योग्य, याविषयी मतभेद राहतील. पण पूज्यतेमुळे उत्तरदायित्व चुकत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

तेव्हा नम्रता आणि कारभारीपण हे दोन वेगळे गुण नाहीत. हाती असलेले आपले नव्हे हे जाणणे ही नम्रता, आणि त्या जाणिवेने ते राखणे, वाढवणे, वाटणे व त्याचा जाब देणे हे कारभारीपण होय. हिशेबाविना नम्रता केवळ दिखावा ठरते, तर नम्रतेविना कारभार मालकीत रूपांतरित होतो. म्हणून एखाद्या मंडळीच्या नम्रतेची पारख प्रार्थनेच्या वेळी झुकलेल्या माथ्यांवरून करण्यापेक्षा, तिच्यातील सर्वांत गरीब सभासदाला निर्भयपणे जमाखर्चाची वही मागता येते की नाही, यावरून करणे अधिक न्याय्य ठरेल.