मेंदूचा पंचनामा

एखाद्या खुनाचा तपास लागत नाही, लोक चिडलेले असतात, विधानसभेत प्रश्न विचारले जातात, अशा वेळी अलीकडे एक ठराविक मागणी पुढे येते. आरोपीचे ‘ब्रेन मॅपिंग’ करा, म्हणजे सत्य आपोआप बाहेर पडेल! ही मागणी करणारे सारेच दुष्ट हेतूचे असतात असे नव्हे. ज्यांची लेक गेली ते आईबापही ती करतात, आणि त्यांच्या दुःखापुढे कोणाचीही मान खाली जाईल. परंतु डोक्याला तारा जोडल्या की मनातले गुपित कागदावर उमटते ही समजूत कितपत खरी आहे, आणि खरी असली तरी माणसाच्या इच्छेविरुद्ध ते गुपित काढून घेण्याचा अधिकार पोलिसांना असावा काय, हे प्रश्न भावनेच्या भरात सुटणारे नाहीत.

मेंदूतील विद्युत्‌लहरींत गूढ असे काही नाही. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टराने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील लहरींची पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. अपस्माराच्या निदानासाठी आज कोणत्याही मोठ्या इस्पितळात हा आलेख काढतात. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘पी-३००’ या लहरीचे वर्णन केले. अनेक निरर्थक गोष्टींच्या ओळीत एखादी अर्थपूर्ण गोष्ट अवचित समोर आली, की सुमारे तीनशे मिलिसेकंदांनी ही लहर उठते. लॉरेन्स फार्वेल या अमेरिकन संशोधकाने याच पायावर आपले ‘ब्रेन फिंगरप्रिंटिंग’ उभारले. दहा सुऱ्यांच्या चित्रांत खुनाचा सुरा दाखवला, तर ज्याने तो पूर्वी पाहिला आहे त्याचा मेंदू ती ओळख लपवू शकणार नाही, असे हे तर्कशास्त्र आहे.

तर्क आकर्षक आहे. पण ओळख म्हणजे कृत्य नव्हे. सुरा खुन्याने पाहिलेला असतो, तसा साक्षीदारानेही पाहिलेला असतो, आणि कोठडीत पोलिसांनी तो नाकासमोर धरला असेल तर निरपराध माणसानेही. म्हापशाच्या बाजारात सकाळी खून झाला, तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या बारदेशाला हत्याराची लांबी तोंडपाठ झालेली असते! त्यांतल्या कोणालाही खुर्चीवर बसवले तरी लहर उठायचीच. शिवाय या चाचणीला फसवताही येते. पीटर रोझेनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की, बुटातल्या बुटात पायाची बोटे हलवण्यासारख्या साध्या युक्त्यांनी निष्कर्ष बिघडवता येतो. म्हणजे सराईत निसटेल आणि घाबरट अडकेल.

ज्या अमेरिकेत हे तंत्र जन्मले तेथे त्याचे काय झाले? आयोवा राज्यातील एका जन्मठेपेच्या कैद्याच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने २००१ मध्ये फार्वेल यांची साक्ष ऐकून घेतली, पण कैद्याला दाद दिली नाही. २००३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली ती पोलिसांनी दडवून ठेवलेल्या कागदपत्रांमुळे. मेंदूच्या लहरींचा विचार करण्याची गरजच त्या न्यायालयाला भासली नाही. लहरींनी नव्हे, दप्तराने त्या माणसाला सोडवले.

आपल्याकडे मात्र आपण अमेरिकेच्याही पुढे धावलो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेत पूर्वी काम केलेले मज्जाशास्त्रज्ञ चंपादी रामन मुकुंदन यांनी ‘बीओस’ नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात आरोपी डोळे मिटून बसतो आणि त्याला तपास यंत्रणेच्या कल्पनेप्रमाणे घडलेल्या गुन्ह्याची वाक्ये प्रथमपुरुषी ऐकवली जातात. त्याने एक शब्दही बोलायचा नाही; त्याने हे केवळ ऐकले-वाचले आहे की स्वतः अनुभवले आहे, हे संगणक सांगणार! पुण्यात जून २००८ मध्ये सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप ठोठावली, तेव्हा इतर पुराव्यांबरोबर या चाचणीचाही आधार घेतला. जगभरच्या मज्जाशास्त्रज्ञांनी त्यावर आश्चर्य व्यक्त केले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. त्याच वर्षी ‘निम्हान्स’चे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नाही, तपासात वा न्यायालयात तिचा वापर थांबवावा, असा निर्वाळा दिला. घरच्याच वैद्याने औषध नाकारले, तरी रोग्याला ते पाजण्याचा हट्ट सुटला नाही.

न्यायालयांनाही हा प्रश्न उलगडायला वेळ लागला. मुद्रांक घोटाळ्याच्या प्रकरणात (आपल्या शेजारच्या खानापूरचा तेलगी वाचकांच्या स्मरणात असेलच) मुंबई उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा चाचण्यांना आडकाठी घेतली नव्हती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी बोटांचे ठसे घेणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, असे ठरवले होते. मग मेंदूचे ठसे का नकोत, असा युक्तिवाद होत असे. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन, न्या. रवींद्रन आणि न्या. पांचाळ यांनी त्याला उत्तर दिले. बोटाचा ठसा काही सांगत नाही, तो फक्त जुळवायचा असतो. मेंदूची लहर मात्र त्या माणसाला काय ठाऊक आहे ते सांगते, आणि म्हणून ती साक्षच होय. नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूचाचणी सक्तीने करणे हा राज्यघटनेच्या २० (३) आणि २१ या कलमांचा भंग ठरला. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून चालणार नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू सापडली तर तेवढीच ग्राह्य. जून २०२५ मध्ये बिहारमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा बजावावे लागले. जामिनाच्या सुनावणीत सर्व आरोपींची नार्को चाचणी करण्याचा पोलिसांचा प्रस्ताव पाटणा उच्च न्यायालयाने स्वीकारला होता!

आता सारा भार ‘संमती’ या एका शब्दावर येऊन पडला आहे. हाथरसच्या आरोपींना २०२० मध्ये या चाचणीसाठी गांधीनगरला नेण्यात आले, ते सेल्वीच्या निकालानंतर दहा वर्षांनी. कोठडीतल्या माणसाची संमती म्हणजे काय, हे गोमंतकीयांना कोणी शिकवायला नको. मोंतेरोसारख्यांच्या हाताखालून गेलेल्या सत्याग्रहींच्या हकिकती या प्रदेशातल्या घराघरांत सांगितल्या गेल्या आहेत. तेथेही कागदावर सही असे. आज छडीऐवजी टोपी आणि तारा आल्या, हे सुधारणेचे लक्षण खरे; पण ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला काय येते? दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा येतो की, आरोपीने चाचणी नाकारली. आणि गावाने निकाल दिलेला असतो. या पापात आम्ही पत्रकारही वाटेकरी आहोत.

शास्त्राला आमचा विरोध नाही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे असा दंडक घातला, तो स्वागतार्हच आहे. वेर्ण्याला आपली प्रयोगशाळा आहे, फोंड्याजवळ कुर्टीला राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाचे संकुल आले आहे. रक्त, काडतूस, व्हिसेरा, मोबाईलच्या नोंदी यांचे अहवाल वेळेवर आणि निःसंदिग्ध मिळाले तर मेंदूत शिरण्याची वेळ क्वचितच येईल.

तोवर सेल्वी निकालाने बंधनकारक केलेले नियम तरी पाळले जावेत. आरोपीला वकील मिळाला पाहिजे, संमती दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवली पाहिजे, चाचणीचा परिणाम काय होतो हे त्याला आधी समजावले पाहिजे, आणि चाचणी पोलिसांनी नव्हे, स्वतंत्र संस्थेने वकिलाच्या उपस्थितीत घेतली पाहिजे. हे सारे मिळून एका पानात मावते. ते पान मराठी-कोंकणीत छापून पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावायला सरकारला असा कितीसा खर्च येणार आहे?