सांत्वनाला जाताना

परवा एका ओळखीच्या घरी सांत्वनाला गेलो होतो. घरचा कर्ता मुलगा गेला. चाळिशीही गाठली नव्हती. आमच्यातले एक जण म्हणाले, "देवाची इच्छा, आपलं काय चालतं!" त्या आईनं एकदा वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

मला शरम वाटली. कारण हेच वाक्य मी स्वतः किती घरांत बोललो असेन! पेशा मास्तरकीचा, जन्म ख्रिस्ती घरातला. कुणी रडताना दिसलं की माझ्या तोंडी वचन तयार असायचं.

आमची 'ही' गेली तेव्हा मात्र ती वचनं मलाच टोचू लागली. येणारे सांगत, मी मान डोलवत असे. धीर आला तो शेजारच्या बाईंमुळे. नोकरीभर नर्स होत्या. रोज संध्याकाळी येत. "सर, जेवले का तुम्ही?" एवढंच विचारत आणि मेथीची जुडी पुढं ओढून निवडत बसत. महिनाभर असंच चाललं. मग एक दिवस मीच बोलू लागलो आणि मनसोक्त रडलो.

वाशीमकरांना मिशनचा दवाखाना सांगायला नको. त्याचं नाव रेनॉल्ड्स मेमोरियल. नाझरीन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या आणि १९३८ मध्ये इथं मुलींच्या शाळेच्या जुन्या इमारतीत दवाखाना सुरू झाला. पुढं तिथं नर्सिंगचं शिक्षणही मिळू लागलं. प्रार्थना आहे म्हणून औषध नको, असं त्या लोकांनी म्हटलं नाही. आजही कुणाची झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर त्याला डॉक्टरकडे नेणं हा विश्वासाचा कमीपणा नव्हे. मी तर म्हणेन, तेही विश्वासाचंच काम आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला चांगला शोमरोनी आपण लहानपणापासून ऐकतो. तो जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्टी बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. पण त्या माणसाशी तो बोलल्याचा एक शब्दही तिथं नाही! तो बोलतो ते उतारशाळेवाल्याशी, तेही खर्चाबद्दल. ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस मुकाट्यानं जमिनीवर बसले तोवर बरे होते. तोंड उघडलं आणि बिघडलं.

शब्द नकोतच असं माझं म्हणणं नाही. प्रार्थना मीही करतो. पण दुखावलेल्या माणसासमोर देवाची बाजू मांडायचं वकीलपत्र आपल्याला कुणी दिलेलं नाही. त्याच्यापाशी बसावं, त्याचं एखादं काम हातावेगळं करावं. त्यानं म्हटलं तर प्रार्थना करावी.

काल त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी एकटाच. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्या माउलीनं बँकेचे कागद पुढं केले. "गुरुजी, हे काय हाय ते वाचून सांगता का?" चष्मा लावून सगळे वाचले, एक अर्ज भरून दिला.

एका कागदावर सही राहिली आहे. उद्या परत जायचं आहे.