'असूनही' म्हणजे नेमकं काय?

झी मराठीवर 4 डिसेंबर 2023 ला 'जाऊ बाई गावात' सुरू झालं तेव्हा आमच्या हिंगणीत पहिली प्रतिक्रिया हसण्याची होती. शहरात वाढलेल्या मुलींना गावात न्यायचं, शेण, चूल आणि गोठ्याशी त्यांची गाठ घालून द्यायची आणि शेवटपर्यंत कोण टिकतं ते पाहायचं, असा हा खेळ. सूत्रसंचालक हार्दिक जोशी. गाव निवडलं होतं वाई तालुक्यातलं बावधन, बगाडाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेलं. शेणाला हात लावायची स्पर्धा होऊ शकते, हे आमच्या गल्लीतल्या बायांना पटायलाच दोन-चार भाग लागले. "मंग आमाले बक्षीस कोन देईन?" हा प्रश्न त्या महिन्यात मी किमान तीन घरांत ऐकला.

फेब्रुवारी 2024 मध्ये हा पर्व संपला आणि रमशा फारुकी विजेती ठरली. पुढच्याच वर्षी, मार्च 2025 मध्ये, त्याच वाहिनीने उलट्या दिशेचा प्रवास दाखवला, गावाकडची पोरं शहरात, 'चल भावा सिटीत'. तेव्हा जुन्या कार्यक्रमाचा विषय चहाच्या टपरीवर पुन्हा निघाला. एक जण म्हणाला, "ते मुसलमान असूनही जिंकली बरं मागच्या टायमाले. मानलं पाहिजे." म्हणणारा माझा जुना मित्र. त्याच्या बोलण्यात काडीचाही आकस नव्हता. मला लिहावंसं वाटलं ते म्हणूनच. आकस असता तर लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आमच्या घरातल्या प्रतिक्रियाही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. माझ्या चाचीने निकाल ऐकला आणि म्हणाली, "अपनी बच्ची जीती." त्याआधी तिने कार्यक्रमाचे चार भागही पाहिलेले नव्हते. नात्यातल्या एका बुजुर्गांना मुलीने टीव्हीवर जाणंच मान्य नव्हतं, त्यांनी तोंड वाकडं केलं. म्हणजे मित्राला तिचं नाव आडवं आलं, चाचीला नाव पुरेसं झालं आणि बुजुर्गांना त्या नावाच्या मुलीने तिथे असणंच खटकलं. तिघांचंही लक्ष नावावर. बाकीच्या मुलींबद्दल आमच्याकडे बोलणं व्हायचं ते असं: ही गायीजवळ जायला भिते, तिला झाडू धरता येत नाही, अमकी रडते फार पण काम करते. चुकीचं असेल, बरोबर असेल, पण ते कामाबद्दल होतं. जिंकलेल्या मुलीबद्दल तेवढं बोलायला कोणी तयार नव्हतं.

'असूनही' हा शब्द मराठी मुसलमानाला नवा नाही. "तुम्ही मुस्लिम असून मराठी किती छान बोलता!" वर्ध्याला दुकानात, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत हे ऐकलं नाही असा माणूस आमच्यात शोधावा लागेल. यावर काय बोलायचं? आभार मानावेत तर आपण मराठीत पाहुणे आहोत हे कबूल केल्यासारखं होतं. रागवावं तर समोरचा दुखावतो, त्याने तर कौतुकच केलेलं असतं. घरात आम्ही आमची हिंदी-उर्दूची मिसळ बोलतो, दारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी. शेख महंमदांनी सतराव्या शतकात श्रीगोंद्यात बसून 'योगसंग्राम' लिहिला. शाहीर अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. 1990 मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. खरं तर ही यादी द्यावी लागते याचाच मला कंटाळा आला आहे. पाटलांच्या पोराला मराठी बोलण्यासाठी तुकोबांचा दाखला द्यावा लागत नाही.

शिव ठाकरेचं उदाहरण घ्या. अमरावतीचा हा पोरगा 2017 मध्ये 'रोडीज रायझिंग'मध्ये दिसला तेव्हा आमच्याकडची पोरं 'आपला मानूस' म्हणून टीव्हीसमोर बसत. 2019 मध्ये तो मराठी बिग बॉस जिंकला तेव्हा सगळा विदर्भ जिंकला. मग आलं हिंदी बिग बॉसचं सोळावं पर्व. फेब्रुवारी 2023 मध्ये शेवटी दोघेच उरले, शिव आणि पुण्याचा एमसी स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख. स्टॅन जिंकला. त्या आठवड्यात मला किती जणांनी डोळे बारीक करून विचारलं, "तुमी कोनाले वोट देल्लं?" मी शिवच्या बाजूने होतो, तो आमच्या भागातला म्हणून. माझ्या ओळखीचे दोन-तीन हिंदू तरुण स्टॅनच्या गाण्यांचे वेडे होते आणि त्यांनी त्यालाच मतं दिली. त्यांना हा प्रश्न कोणी विचारला नाही.

यात टीव्हीचाही वाटा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात साडेअकरा टक्के मुसलमान आहेत. त्यातले बरेचसे शहरांत राहतात हे खरं. पण मुलाणी, तांबोळी, आतार, पिंजारी ही नावं गावगाड्यातूनच आलेली आहेत. मराठी मालिकेतल्या गावात मात्र पाटलाचा वाडा, देऊळ, पार, तालीम सगळं असतं आणि मोहल्ला क्वचितच असतो. ज्याने गाव पडद्यावरच पाहिलं, त्याला गावातली फारुकी बाहेरून आलेलीच वाटणार. (आमच्या हिंगणीत शहरातली माणसं येतात ती बोरच्या वाघासाठी. टोप्या घालून उघड्या गाडीत बसतात आणि पुढे निघून जातात. गावात हिंदू किती, मुसलमान किती, याच्याशी त्यांना आणि वाघाला काही घेणं नसतं.)

"एवढं मनाला लावून घेऊ नका, प्रेमानं म्हणतात लोक," असं मला सांगितलं जातं. प्रेमाबद्दल माझी शंका नाही. पण ऐकणारं कोण आहे, तेही पाहावं. माझी भाची दहावीत आहे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. विषय होता शेतकऱ्याच्या घरातली बाई, आणि ती बोलली ते तिच्या स्वतःच्या आजीवर, जी चाळीस वर्षं कापूस वेचत आली. बक्षीस देताना एक पाहुणे म्हणाले, "मुस्लिम असूनही या मुलीचे मराठी उच्चार बघा." टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर तिने ढाल कपाटावर ठेवली आणि मला विचारलं, "मामू, दुसऱ्या नंबरवालीला 'असूनही' काय म्हटलं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने थोडी वाट पाहिली आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी विषय मागितला. आजीबद्दल अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय, म्हणाली.