देवदूत वगळलेले चित्र

खुणांची यादी केली की चित्र कळले, या समजुतीने ख्रिस्ती धर्मचित्रांचे फार नुकसान केले आहे. कवटी म्हणजे मृत्यू, द्राक्षवेल म्हणजे येशूचे रक्त, कोकरू म्हणजे बळी. संग्रहालयात माणसे शेजारची पाटी वाचतात, पाटीवरची वस्तू चित्रात सापडली की पुढे सरकतात. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमधले जिओव्हानी बेल्लिनीचे ‘अरण्यातला संत फ्रान्सिस’ अशा घाईने पाहणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. व्हेनिसच्या या चित्रकाराने १४७५ ते १४८०च्या सुमारास ते लाकडी फळीवर रंगवले. उंची सुमारे सव्वाशे सेंटिमीटर, रुंदी त्याहून थोडी जास्त.

प्रसंग त्या काळच्या भाविकांना तोंडपाठ होता. १२२४च्या सप्टेंबरात, ला व्हेर्नाच्या डोंगरावर प्रार्थना करत असताना असिसीच्या फ्रान्सिसच्या हातापायांवर आणि कुशीवर क्रुसावरच्या येशूच्या जखमा उमटल्या. हे दाखवायची रीतही ठरलेली होती. आभाळात सहा पंखांचा देवदूत म्हणजे सेराफ, त्या पंखांमध्ये क्रुसावरचा येशू, आणि त्याच्या जखमांपासून संताच्या देहापर्यंत आलेल्या किरणांच्या सरळ रेघा. लूव्रमधल्या जोत्तोच्या चित्रात त्या सोनेरी रेघा एकेक मोजता येतात. पुष्कळदा बाजूला फ्रान्सिसचा सोबती ब्रदर लिओही असतो. जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिसच्या चर्चची वेदी याच उघड बोलण्याच्या परंपरेतली आहे. तिथे क्रुसावरचा येशू आणि त्याच्यापाशी फ्रान्सिस आहे, खाली दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन ही तीन व्रते कोरलेली आहेत. भाविकाला कसलीच शंका उरत नाही.

बेल्लिनीने सेराफ वगळला, लिओ वगळला, रेघा वगळल्या. उरला तो खडकातल्या झोपडीवजा कुटीबाहेर अनवाणी उभा असलेला एक माणूस. हात किंचित पसरलेले, तळवे उघडे, तोंड अर्धवट उघडे, नजर वर डावीकडे. तळव्यांवरच्या जखमा इतक्या बारीक की शोधाव्या लागतात. ज्या बाजूला तो पाहतो तिकडून उजेड येतो आहे. डाव्या कोपऱ्यातले लॉरेलचे झाड त्या उजेडात सोन्यासारखे उजळले आहे, आणि कुटीमागच्या खडकाची प्रत्येक चीर त्याने स्पष्ट केली आहे. मिलर्ड मीस या अभ्यासकाने १९६४ साली या चित्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि जखमा देण्याचे काम इथे हा उजेडच करतो, असे मांडले. फ्रान्सिस स्वतःचे सूर्यस्तोत्र गातो आहे, असेही काहींना वाटते. मला मीस पटतो. हा उजेड नुसता सकाळचा म्हणून पाहिला, तर त्या पसरलेल्या हातांचा अर्थ लागत नाही.

मोठी, ठरलेली खूण काढून घेतली आणि तिचे वजन लहानसहान वस्तूंवर येऊन पडले. मेजाखाली लाकडी खडावा काढून ठेवल्या आहेत. बायबलमध्ये जळत्या झुडपासमोर मोशेलाही पायतण काढायला सांगितले होते. खाली डावीकडे खडकातून पाण्याची धार येते. खडकातून पाणी काढणारा मोशेच. संताच्या उजव्या हाताजवळच्या दगडी बांधातून एक ससा डोकावतो. दूर माळावर एक गाढव उभे आहे. फ्रान्सिस आपल्या देहाला ‘गाढवभाऊ’ म्हणे, आणि येशूला जेरुसलेममध्ये वाहून नेणारेही गाढवच होते. माळावरच्या गाढवाजवळ एक बगळा आहे. आपल्याकडे बगळा म्हटले की ढोंगी ध्यान आठवते. इथे मात्र अभ्यासक त्यात एकांत पत्करलेला तपस्वी पाहतात. एकच पक्षी दोन परंपरांत असा उलटसुलट बोलतो, म्हणून यादी पाठ करणाऱ्याने जपून राहावे.

मला विशेष वाटते ते हे की यातली एकही वस्तू अर्थासाठी ओढून आणलेली नाही. ते गाढव खरेच माळावर उभे राहते तसे उभे आहे, कान टवकारून. मागे मेंढपाळ आहे, गाव आहे, गढी आहे, तिथले व्यवहार थांबलेले नाहीत. एवढी मोठी गोष्ट घडते आहे आणि तिची दखल घेणारा एक तो संतच. फ्रान्सिसने साऱ्या सृष्टीला भावंडे मानले होते. त्याला रंगवायचे तर दगड, पाणी आणि ससा यांना संताइतक्याच निगुतीने रंगवावे लागते, हे बेल्लिनीने ओळखले. माझ्या मते चित्रातली खरी भक्ती ती हीच.

हे चित्र चर्चच्या वेदीवर असल्याची नोंद नाही. १५२५ साली मार्कान्तोनिओ मिकिएलने ते व्हेनिसमधल्या तादेओ कोन्तारीनी या धनिकाच्या घरी पाहिले आणि त्यातल्या निसर्गचित्रणाचे कौतुक लिहून ठेवले. १९१५ साली ते हेन्री क्ले फ्रिकने घेतले. कोक आणि पोलादात अमाप पैसा केलेल्या या माणसाच्या दिवाणखान्यात, तिशनच्या दोन व्यक्तिचित्रांच्या मधोमध, दारिद्र्याचे व्रत घेतलेला फ्रान्सिस टांगला गेला. आता संग्रहालय असलेल्या फ्रिकच्या वाड्याची दुरुस्ती चालू असताना, २०२१ ते २०२४ या काळात, संग्रह मॅडिसन ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत हलवला होता. तिथे या एका चित्राला एक स्वतंत्र खोली दिली होती आणि शेजारच्या खिडकीतून दिवसाचा उजेड आत येत असे. २०२५मध्ये वाडा पुन्हा उघडला आणि चित्र आपल्या जुन्या जागी, दिवाणखान्यात परतले. फ्रिकची मांडणी जपण्यामागची भूमिका समजते. तरीही ज्या चित्रात देवदूताचे काम उजेडाकडे सोपवले आहे, त्याला ती रिकामी खोली आणि ती खिडकी कायमची मिळायला हवी होती.