नदीकाठचे गाव

‘नदीकाठचे गाव’ हा विषय निबंधाला आला, की आम्हां शिक्षकांना उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वीच आतील मजकूर ठाऊक असतो. झुळझुळ वाहणारी नदी, काठावरचे देऊळ, हिरवीगार शेते आणि भोळेभाबडे गावकरी! इंग्रजी पुस्तकांतील खेड्याचे चित्रही फारसे निराळे नसते. देवळाच्या जागी चर्चचा मनोरा आणि वडाच्या जागी विलोचे झाड आले, की झाले. या दोन्ही चित्रांत काम करणारा माणूस मात्र कोठेच दिसत नाही. या उणिवेचे मूळ नदीकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीत आहे, असे आम्हांस वाटते.

आमची मातृभाषा कोंकणी. त्यामुळे नदीकाठचे गाव म्हटले, की आमच्या डोळ्यांसमोर गोव्याच्या मांडवी नदीतील दिवाडी बेट उभे राहते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसावे आणि काही मिनिटांत पैलतीरी उतरावे. कौलारू घरे, टेकडीवरील पिएदादचे शुभ्र चर्च आणि पाण्याच्या कडेपर्यंत पसरलेली सपाट भातशेते पाहून नवख्यास वाटते, की निसर्गाने येथे किती उदार हाताने दिले आहे!

वस्तुतः ही शेते माणसाने नदीकडून मिळवलेली आहेत. भरतीचे पाणी त्यांच्याहून उंच चढते. पूर्वजांनी खारफुटीच्या दलदलीत चिखलमातीचे बांध घातले आणि जमीन तयार केली. तिला खाजन म्हणतात. बांधांत ठिकठिकाणी लाकडी झडपांची दारे असतात, त्यांस मानस असे नाव आहे. भरती आली, की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात. ओहोटी लागली, की शेतातील पावसाचे पाणी त्या ढकलून बाहेर पडते. अशा जमिनीत खारटपणा सोसणारे कोरगुट भात पिकते.

परंतु खेकड्याने बांधाला पाडलेले एक भोक वेळेवर बुजवले नाही, तर एकट्याचे नव्हे, साऱ्यांचेच शेत खारट होते. म्हणून बांधाची राखण ‘गावकारी’ या सामाईक संस्थेकडे असे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये सनद काढून तिचे रिवाज लिहून घेतले; म्हणजे ती त्यांच्या राज्याहूनही जुनी. मानशीपाशी मासे धरण्याचा हक्कसुद्धा लिलावाने दिला जाई.

हे गावकरी भोळेभाबडे होते काय? मुळीच नाही. ऑगस्टात तेथे ‘बोंदेरा’ नावाचा निशाणांचा उत्सव होतो. वाड्यावाड्यांतील हद्दीच्या जुन्या तंट्यांची ती आठवण! माणसे भांडत, पण बांधावर एकत्र येत. या बेटाने दुःखेही पाहिली. सोळाव्या शतकात येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले आणि देव पैलतीरी नार्व्यास नेला गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. आता तेथेही सर्व आलबेल आहे असे नाही. शेती परवडत नाही आणि तरुण बाहेर पडतात. गोव्यातील अनेक खाजनांत राखण ढिली पडून बांध फुटले आणि भाताच्या जागी पुन्हा खारफुटी उगवली. राखणदार गेला, की देखावाही जातो, हा त्यातील बोध होय.

आता आपल्या मुसीकडे वळू. हैदराबाद हेही नदीकाठचेच गाव. १५७८ मध्ये बांधलेला पुराना पूल या शहराहूनही वयाने मोठा आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने वरच्या अंगास धरणांची योजना झाली. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. त्यांनी शहरास पुरापासून आधार दिला, पिण्यास पाणी दिले. हे उपकार आम्ही विसरत नाही. पण त्यानंतर आपण नागरिकांनी नदीकडे पाठ फिरवली. नदी सरकारची आणि सांडपाणी तेवढे आपले, अशी वाटणी झाली! आज पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि वर्गात येऊन ‘झुळझुळ वाहणारी नदी’ लिहितो.

कोणी म्हणेल, एवढ्या अफाट शहराचा कारभार बेटावरील गावकारीसारखा कसा चालावा? आक्षेप रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करणे हे शासनाचे आणि तज्ज्ञांचेच काम. परंतु बांधाला भोक पडले आहे हे पाहणारा डोळा लागतो, आणि तो पगारी नोकराचाच असला पाहिजे असे नाही. आपल्या मोहल्ल्यातील गटार कोणत्या नाल्यास मिळते, तो नाला नदीला कोठे मिळतो आणि त्यात कचरा कोण टाकतो, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की पुढील निबंधापूर्वी वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन घटकाभर पुराना पुलावर उभे राहा. जे दिसेल, ज्याचा वास येईल, ते लिहा. आणि त्यात आपल्या घरचे किती आहे, तेही लिहा. भोळेभाबडे गावकरी निबंधात आले नाहीत, तरी आम्ही गुण कापणार नाही.