विज्ञान-विचार : मातीची अग्निशुद्धि

धातूचें भांडें अग्नीवर तापवून शुद्ध करण्याची रीति आपल्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. परंतु जमीनच विषारी झाली, तर ती कोणत्या चुलीवर ठेवावी? व्हिएतनाम देशांतील दानांग शहरानें या प्रश्नाचें उत्तर दिलें आहे.

तेथील युद्धांत १९६२ पासून १९७१ पर्यंत अमेरिकन सैन्यानें अरण्यें निष्पर्ण करण्यासाठीं तणनाशक द्रव्यें विमानांतून फवारलीं. त्यांपैकीं ‘एजंट ऑरेंज’ या द्रव्यांत डायॉक्सिन नामक घोर विष मिसळलेलें होतें. दानांगच्या विमानतळावर त्याचीं पिंपें सांठवीत व विमानें भरीत. तेव्हां सांडलेलें विष मातींत मुरलें. डायॉक्सिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, मातीच्या कणांस घट्ट चिकटून राहतें. पावसाबरोबर गाळ तळ्यांत गेला, गाळांतून विष माशांच्या चरबींत शिरलें, आणि मासे खाणाऱ्यांच्या शरीरांत उतरलें. युद्ध १९७५ सालीं संपलें. विष मात्र जागचें हललें नाहीं.

यावर योजलेला उपाय तत्त्वतः सोपा आहे. माती पुरेशी तापविली म्हणजे तिला चिकटलेलें विष वाफ होऊन सुटतें. ती वाफ शोषून थंड करावयाची व सच्छिद्र कोळशाच्या थरांतून गाळावयाची. हिंगुळांतून पारा काढतांना आपले रसवैद्य जें ऊर्ध्वपातन करीत, त्याचेंच हें विराट रूप होय. वाफ मोकळी सोडली, तर मातींतील विष हवेंत घातल्यासारखें होईल. म्हणून सारें मर्म ती पकडण्यांत आहे.

दानांग येथें खणलेली माती भिंतींच्या आंत रचून, वरून झांकून, विजेनें तापणाऱ्या सळयांच्या योगें निदान ३३५ अंश सेल्सियसपर्यंत कित्येक महिने तापविली. त्या उष्णतेनें बहुतेक डायॉक्सिन ढिगांतच विघटन पावलें. उरलेलें वाफेबरोबर ओढून काढलें. २०१८ सालीं काम पुरें झालें, तेव्हां सुमारें ९०,००० घनमीटर माती व गाळ शुद्ध झाला होता. खर्च सुमारें ११ कोटि डॉलर झाला.

इतक्या उष्णतेनें मातींतील सेंद्रिय अंश व सूक्ष्म जीवहि नाहींसे होतात, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. शुद्ध झालेली माती भरावास चालते. पिकास योग्य होण्यासाठीं तिला पुनः खतपाणी घालून सजीव करावें लागतें.

पिंपांतून सांडावयास क्षण पुरला. निस्तरावयास अर्धें शतक लागलें. आणि तेंहि केवळ मातीपुरतें. ज्यांच्या शरीरांत तें विष उतरलें, त्यांस असा अग्निसंस्कार करून शुद्ध करितां येत नाहीं.